खिशातल्या पिस्तुलाची पहिली ओळख: रिकाम्या हातापासून महिनाभर बाळगण्यापर्यंत

छोटं पिस्तूल हातात पडलं की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "अरे, किती हलकं!" मीही तेच म्हणालो होतो. तळहातात मावणारी चपटी वस्तू, खिशात टाकली तरी पँट ओढली जात नाही, बाहेरून कुणाला सुगावा लागत नाही. तिथंच निर्णय घेऊन टाकावासा वाटतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथं घेऊ नका. या पिस्तुलात खिशाच्या सोयीचं जे जे आहे, ते जवळपास सगळं हाताच्या गैरसोयीचं आहे. आखूड मूठ, हलकं वजन, नखाएवढ्या साइट्स (नेम धरायच्या खुणा), बारीक बटणं. खिशात हे गुण आहेत, गोळी झाडताना हेच दोष होतात. म्हणून त्याची ओळख तीन ठिकाणी करून घ्यावी लागते: आधी रिकामं हातात, मग रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, आणि शेवटी खिशात. क्रमही हाच. खिसा शेवटी.

हे सगळं ज्यांना कायद्याने अशी वस्तू बाळगता येते त्यांच्यासाठी. शस्त्र जवळ ठेवण्याचा परवाना आणि ते लपवून अंगावर बाळगण्याची मुभा या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. काही देशांत दुसरी मुभा मिळतच नाही. कुठे ठरावीक बोअरला, म्हणजे नळीच्या व्यासाला बंदी, कुठे ठरावीक प्रकारच्या काडतुसाला, कुठे शाळा-न्यायालयांसारख्या जागी नेण्याला. शस्त्र वापरणं कायद्याला कधी मान्य आहे, हेही घ्यायच्या आधी वाचून आणि जाणत्या वकिलाला विचारून घ्या. घेतल्यावर नव्हे.

हे एवढं लहान झालं कसं

खिशातलं पिस्तूल नवं नाही. त्यासाठी लागणारी काडतुसं अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच करून ठेवली (नावातला आकडा म्हणजे गोळीचा इंचांतला साधारण व्यास): .३२ एसीपी १८९९ मध्ये, .२५ एसीपी १९०५ मध्ये आणि .३८० एसीपी १९०८ मध्ये. पण तेव्हाचा 'खिसा' म्हणजे कोटाचा खिसा. १९०३ चं कोल्टचं पॉकेट मॉडेल जवळपास ६८० ग्रॅमचं होतं. १९३१ चं वॉल्थर पीपीके लहान म्हणून नावाजलं गेलं, तरी ते सगळं पोलादी. आजच्या पातळ पँटच्या खिशात अशी वस्तू टाकली की ती गुडघ्याकडे लोंबते.

फरक पडला पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या सांगाड्याने आणि एका जुन्याच युक्तीच्या नव्या वापराने. पीपीकेसारख्या पिस्तुलांत गोळी सुटताना स्लाइडला (वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला) मागे जाण्यापासून रोखायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर असतो. याला ब्लोबॅक म्हणतात. त्यामुळे स्लाइड जड ठेवावी लागते, स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि धक्काही टोकदार बसतो. दुसऱ्या पद्धतीत नळी आणि स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर एकमेकींत अडकून मागे जातात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड सुटते. मोठ्या पिस्तुलांतली ही पद्धत केल-टेकने १९९९ च्या पी-३२ मध्ये आणि २००३ च्या पी-३एटी मध्ये अगदी छोट्या आकारात बसवली. २००८ मध्ये रूगरचं एलसीपी त्याच वाटेने आलं: रिकामं असताना साधारण २६६ ग्रॅम, नळी ७० मिलिमीटर, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) .३८० ची ६ काडतुसं आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या जागी) १. पुढे २०१४ चं ग्लॉक ४२ जरा मोठं, साधारण ३९० ग्रॅमचं. २०१८ मध्ये सिग सावरच्या पी३६५ ने तर थोड्याशाच वाढीव आकारात ९ मिलिमीटरची १० काडतुसं मॅगझिनमध्ये बसवली, पण त्याचं वजन अर्ध्या किलोच्या घरात. ते खिशात जातं की नाही हे तुमच्या खिशावर अवलंबून.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं, की हातात घेतलेलं पिस्तूल यांपैकी कुठल्या घराण्यातलं आहे हे कळलं की पुढचं अर्धं आधीच कळतं. ब्लोबॅक असेल तर स्लाइड ओढायला जड जाणार, मात्र नळी जागची हलत नाही. झुकणाऱ्या नळीचं असेल तर ओढायला तुलनेने सोपं, पण इतकं हलकं की धक्का हातातच जिरवावा लागतो.

पहिलं काम: रिकामं आहे का

विक्रेत्याने, मित्राने, प्रशिक्षकाने "रिकामं आहे" म्हणून हातात दिलं तरी स्वतः बघायचं. यात कुणाचा अपमान होत नाही. जो चिडेल त्याच्याकडून शस्त्र घेऊ नका.

नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, सांगाड्याला सरळ चिकटलेलं. आधी मॅगझिन काढायचं. मगच स्लाइड पूर्ण मागे ओढायची, दोन-तीन वेळा. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलते. माणूस बाहेर पडलेल्या काडतुसाकडे बघून निर्धास्त होतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं. "रिकामं होतं" म्हणत झालेल्या कित्येक अपघातांच्या मुळाशी हीच चूक असते.

मग स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. छोट्या पिस्तुलाची टरफल बाहेर पडायची खिडकी अरुंद असते, आत अंधार असतो, डोळा फसतो. बोट फसत नाही. अशा काही पिस्तुलांत मॅगझिन संपल्यावर स्लाइड आपोआप मागे अडकत नाही. मूळचं एलसीपी असंच होतं, ही सोय त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्यामुळे स्लाइड पुढे आहे म्हणजे आत काही आहे, किंवा नाही, असा कुठलाच अंदाज बांधू नका. आणि काडतूस बाहेर काढताना खिडकीवर तळहात झाकू नका. ते हातात झेलण्याची सवय बऱ्याच जणांना असते. पण तळहाताने अडलेल्या काडतुसाची टोपी (ठोका बसला की पेटणारा भाग) आत इजेक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागावर आपटू शकते आणि काडतूस हातातच फुटू शकतं. पडू द्या खाली.

हातात बसतं का

आता मूठ धरा. बहुतेकांच्या दोनच बोटांना जागा मिळते, मधल्या आणि अनामिकेला. करंगळी हवेत. ती मॅगझिनच्या तळाखाली दुमडून घ्या आणि घट्ट दाबा. मोकळी सोडलेली करंगळी पूर्ण पकड सैल करते. मॅगझिनला पुढे आलेला ओठासारखा तळ मिळत असेल तर तो लावून बघा, पण लावल्यावर खिशातला आकारही बघा. माझ्या मॅगझिनचा तळ आणि मुठीची कड यांच्यात केसाएवढी फट आहे. गोळी सुटताना ती क्षणभर उघडते आणि मिटताना करंगळीची कातडी त्यात धरते. पहिल्या दिवशी घरी आल्यावर करंगळीच्या आतल्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढा काळानिळा डाग दिसला, तेव्हा कारण कळलं. दुकानात ते कळणं शक्य नव्हतं.

अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं स्लाइडच्या मागे किती वर जातंय ते बघा. पकड उंच हवी, पण मांसल हात असेल तर मागे येणारी स्लाइड बेचक्यावर दोन समांतर रेघा उमटवते. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दुसऱ्या हाताने सावकाश मागे ओढून बघा, कातडीला कुठे घासते ते लगेच कळतं.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं आहे, ते म्हणजे दुसरा हात. मोठं पिस्तूल धरायची सवय असलेला माणूस आधाराच्या हाताची तर्जनी ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) पुढे टेकवतो. इथे ट्रिगरगार्डपासून नळीच्या तोंडापर्यंत जेमतेम दोन बोटांचं अंतर असतं. धक्क्याने हात सरकला तर ते बोट नळीच्या तोंडासमोर येतं. नव्या माणसाला शिकवताना माझा जीव याच एका गोष्टीपायी वर-खाली होतो. आधाराच्या हाताची चारही बोटं ट्रिगरगार्डच्या खाली, पहिल्या हाताच्या बोटांवर. दोन्ही अंगठे खाली झुकलेले किंवा एकावर एक, पण स्लाइडला न टेकणारे. ही पकड रिकाम्या पिस्तुलाने इतक्यांदा घ्या की दुसरी सुचणारच नाही.

स्लाइड ओढता येते का हे इथंच तपासा. दोन बोटांच्या चिमटीने ओढू नका, तिथे पकडायला जागाच नसते. पिस्तूल छातीजवळ आणा, दुसऱ्या हाताची चारही बोटं स्लाइडवर आडवी टाकून तळव्याने आवळा, आणि स्लाइड मागे खेचण्यापेक्षा पिस्तूल पुढे ढकला. नळीची दिशा मात्र तेवढ्यात बाजूला वळू देऊ नका. लहान पिस्तुलात मनगट नकळत फिरतं. एवढं करूनही दहा वेळा सलग ओढता येत नसेल तर हट्ट सोडा. सांधेदुखी असलेल्यांसाठी बेरेटाच्या टॉमकॅटसारखी, नळीचं मागचं टोक वर उघडणारी पिस्तुलं आहेत. त्यात पहिलं काडतूस स्लाइड न ओढता थेट चेंबरमध्ये ठेवता येतं. त्याचीही किंमत आहे: मूळच्या टॉमकॅटला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चेंबरमधून काडतूस ओढून काढणारा आकडा नाही, त्यामुळे न फुटलेलं काडतूस काढायलाही नळीच उघडावी लागते.

ट्रिगर आणि साइट्स

ट्रिगरवर थोडा वेळ काढा, कारण खिशातल्या पिस्तुलाचा स्वभाव ट्रिगरमध्ये असतो. काहींचा ट्रिगर लांब आणि जड असतो, प्रत्येक वेळी पूर्ण अंतर ओढावा लागतो. काहींचा आखूड आणि हलका, त्यासोबत अंगठ्याने फिरवायची सेफ्टी (चुकून गोळी सुटू न देणारी कळ). पहिल्या प्रकाराने नेम धरणं अवघड, पण चुकून ओढला जाणंही अवघड. दुसऱ्याने नेम छान लागतो, पण सेफ्टी घाईत खाली करायची सवय हाडीमाशी मुरवावी लागते. खिशासाठी मी स्वतः लांब ट्रिगर पसंत करतो. हलका, आखूड आणि वर सेफ्टीही नाही, असं पिस्तूल खिशात ठेवायला माझा जीव धजत नाही.

रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून बघायला मालकाची परवानगी घ्या आणि मॅन्युअल वाचा. .२२ सारख्या रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका देणाऱ्या) पिस्तुलांना रिकामा ट्रिगर सहसा मानवत नाही. नकली प्लास्टिकची काडतुसं घातली की काळजी मिटते. आता बघायचं काय, तर ट्रिगर शेवटपर्यंत गेल्यावर तर्जनीचं टोक कुठे पोचतं. मोठ्या हातांत ते अंगठ्यावर किंवा दुसऱ्या हातावर आपटतं आणि पिस्तूल ऐन क्षणी बाजूला ढकललं जातं. बोट थोडं कमी किंवा थोडं जास्त आत घालून फरक बघा. आणखी एक प्रश्न विचारा: काडतूस फुटलं नाही तर ट्रिगर पुन्हा ओढून दुसरा ठोका देता येतो का? बऱ्याच छोट्या पिस्तुलांत येत नाही, स्लाइड हलल्याशिवाय ट्रिगर मेलेलाच राहतो. हे आधीच माहीत हवं.

साइट्सबद्दल लोक चेष्टा करतात, आणि काही पिस्तुलांना त्या खरोखरच नावापुरत्या असतात. सीकॅम्पच्या .३२ ला तर साइट्सच नाहीत. पण लहान साइटपेक्षा खरी अडचण दोन साइट्समधल्या अंतराची आहे. ते १०० मिलिमीटर असेल आणि पुढची साइट फक्त १ मिलिमीटर बाजूला असेल, तर ७ मीटरवर गोळी ७० मिलिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १५५ मिलिमीटर असेल तर चूक ४५ मिलिमीटरवर येते. म्हणजे चूक तुमची तेवढीच, शिक्षा दीडपट. "हे पिस्तूल अचूक नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत पिस्तूल अचूकच असतं, फक्त ते काही माफ करत नाही. पुढच्या साइटला पांढऱ्या किंवा केशरी रंगाचा ठिपका द्या. माझ्या डोळ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

शेवटी मॅन्युअलमध्ये एक गोष्ट शोधा: पिस्तूल खाली पडलं तर सुटणार नाही यासाठी आत काय सोय आहे. फायरिंग पिनला (काडतुसाला ठोका देणाऱ्या सुईला) अडवणारा अडसर ट्रिगर ओढल्याशिवाय हलत नसेल तर उत्तम. जुन्या पॉकेट पिस्तुलांत असा अडसर बहुधा नसतो. अशी पिस्तुलं चेंबर भरून खिशात ठेवू नयेत. वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या सुरक्षा सूचनांशी ताडून पाहा.

रेंजवरचा पहिला दिवस

डोळ्यांना चष्मा, कानांत बुचं आणि वर इअरमफ. आखूड नळीचा आवाज तिच्या आकाराला शोभत नाही, फार मोठा असतो. सोबत साधी फुल मेटल जॅकेटची (गोळीवर धातूचं आवरण असलेली) ५० काडतुसं पुरेत. पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त झाडू नका, कारण तिसाव्या-चाळिसाव्या गोळीनंतर हात दचकायला शिकतो आणि ती सवय मोडायला महिने लागतात.

मॅगझिनमध्ये आधी एकच काडतूस भरा. एकच. पहिल्या धक्क्याने माणूस गांगरतो, हात वर जातो, बोट आवळलं जातं आणि दुसरी गोळी भलतीकडे सुटू शकते. आत एकच काडतूस असेल तर हा धोका उरत नाही. अंतर ३ मीटर, सावकाश, साइट बघून. धक्का कसा आहे ते कळलं की दोन, मग तीन, मग पूर्ण मॅगझिन. मग ५ मीटर, मग ७. पहिल्या दिवशी ७ मीटरवर सगळ्या गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात बसल्या तरी समाधान माना.

धक्क्याचा हिशोब सरळ आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं की हाताला बसणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणूनच पाव किलोच्या पिस्तुलातून सुटलेली .३८० ही एक किलोच्या पिस्तुलातल्या ९ मिलिमीटरपेक्षा हाताला वाईट वाटते. हे काडतूस 'सौम्य' आहे असं कुणी म्हटलं तर विचारा, कशातून?

अडथळे आले तर ते लिहून ठेवा. कितवी गोळी, कुठलं मॅगझिन, कुठलं काडतूस, नेमकं काय झालं. रिकामं टरफल खिडकीत उभं अडकलं तर आधी स्वतःचं मनगट तपासा. हलक्या पिस्तुलाला मागे टेकायला घट्ट हात मिळाला नाही तर स्लाइडचा जोर हातातच वाया जातो आणि ती पूर्ण मागे जात नाही. स्लाइड पूर्ण पुढे गेली नाही तर अंगठा घासतोय का बघा. मॅगझिन मधेच खाली निसटलं तर तळव्याने बटण दाबलं गेलं असेल. हे तिन्ही दोष हाताचे, आणि सरावाने जाणारे. पण घट्ट पकडीतही, एकाहून जास्त प्रकारच्या काडतुसांनी, दोन्ही मॅगझिनांसह तोच अडथळा पुन्हा येत असेल तर तो पिस्तुलाचा आहे.

ट्रिगर ओढला आणि नुसता टक आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच धरून मनात तीसपर्यंत मोजा, मग मॅगझिन काढून स्लाइड ओढा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथंच थांबा. नळीत गोळी अडकली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसेपर्यंत दुसरं काडतूस भरायचं नाही.

काडतूस निवडताना

इथे जाहिरातींपेक्षा पदार्थविज्ञानावर भरवसा ठेवा. १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर अमेरिकेच्या एफबीआयने काडतुसं तपासायची पद्धत बदलली आणि बॅलिस्टिक जेलमध्ये (शरीराच्या मांसाच्या जागी चाचणीला वापरायच्या जेलीत) १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर खोली ही कसोटी रुजली. ७० मिलिमीटरच्या नळीत गोळीला वेग घ्यायला जागाच नसते. त्यामुळे .३८० ची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ आणि आत शिरल्यावर फुलासारखी पसरणारी गोळी नीट उमलली तर पुरेशी खोल जात नाही, आणि खोल गेली तर बरेचदा उमललेली नसते. काही मोजकी काडतुसं दोन्ही साधतात. म्हणून कुठलंही घेताना तुमच्याच लांबीच्या नळीतून केलेल्या चाचण्या बघा. मोठ्या पिस्तुलातले आकडे इथे चालत नाहीत.

.३२ एसीपीची एक वेगळी खोड आहे. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. हॉलो पॉइंट काडतुसं लांबीने आखूड असल्याने मॅगझिनमध्ये मागे-पुढे सरकतात, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते आणि सगळं जाम होतं. हा जाम हाताने झटकून सुटत नाही. .३२ वापरणारे बरेच जण म्हणूनच लांब, जॅकेटवालीच गोळी घालतात.

जे काडतूस खिशात राहणार, त्याची किमान ५० तरी याच पिस्तुलातून, याच मॅगझिनांतून झाडून बघा. महाग पडतं, तरीही. साध्या काडतुसांसह एकूण २०० गोळ्या विनातक्रार गेल्या की मी ते पिस्तूल विश्वासाचं मानतो. सुरुवातीच्या ५० गोळ्यांत एखादा अडथळा मी सोडून देतो, नंतरच्यात नाही.

खिसा

आता खिसा. होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय नाही, कितीही हलकं असलं तरी नाही. खिशाच्या होल्स्टरकडून तीन अपेक्षा: ट्रिगरगार्ड पूर्ण झाकला पाहिजे, आणि बाहेरून बोटाने दाबलं तरी आत ट्रिगर हलता कामा नये, पिस्तूल उभं राहिलं पाहिजे, आणि पिस्तूल उपसलं की होल्स्टर खिशातच राहिलं पाहिजे. जुनं होऊन मऊ पडलेलं चामडं पहिल्याच अपेक्षेत नापास होतं. त्याची कड आत दुमडते आणि ट्रिगरपाशी पोचते.

त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, पेन नाही. जाकिटाची दोरीसुद्धा नाही. सगळं दुसऱ्या खिशात, कायमचं. माझा डावा खिसा गेली कित्येक वर्षं फुगलेला आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

भरलेलं पिस्तूल आधी बाहेर, टेबलाशी उभं राहून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून होल्स्टरमध्ये बसवायचं, आणि मग होल्स्टरसकट खिशात. काढतानाही तसंच, होल्स्टरसकट. खिशातल्या होल्स्टरमध्ये वरून पिस्तूल खुपसायचं नाही. तिथे दिसत काही नाही, आणि नळीसमोर तुमचीच मांडी असते.

उपसण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. इथे एक बारकावा आहे. पूर्ण मूठ वळली की हाताचा आकार खिशाच्या तोंडापेक्षा मोठा होतो आणि हात अडकतो. म्हणून आत जाताना अंगठा मुठीभोवती न वळवता स्लाइडच्या मागच्या टोकावर टेकवायचा. हात सपाट राहतो, तोंडातून निसटतो, आणि अंगठा बाहेर आल्यावर जागेवर जातो. तर्जनी होल्स्टरच्या बाहेरच्या अंगावर सरळ. वीसेक वेळा सावकाश केलं की पँटचा खिसा पुरेसा खोल आणि रुंद आहे का हेही कळतं. बसून करून बघा. खुर्चीत बसल्यावर बहुतेक पँटांच्या खिशाचं तोंड मिटतं आणि हात आत जातच नाही. गाडी चालवताना पट्टा लावून तर विचारूच नका. या मर्यादा पिस्तुलाच्या नाहीत, खिशाच्या आहेत, आणि त्या मान्य करूनच हा मार्ग निवडायचा.

रात्री पिस्तूल होल्स्टरसकट कुलपाच्या पेटीत. पँट खुंटीला आणि पिस्तूल पँटच्या खिशात, असं एकदाही नाही. घरात मूल असो वा नसो, पाहुण्यांबरोबर ते कधीही येऊ शकतं. रोज चेंबर रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा भरायची सवय असेल तर तीही मोडा. प्रत्येक वेळी गोळीचं टोक फीड रॅम्पवर (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं आणि गोळी टरफलात थोडी थोडी आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. वरचेवर भरलेलं काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. किंचितही बुटकं दिसलं तर वेगळं काढून रेंजवर जमा करा.

महिन्याने

महिनाभर खिशात राहिलेलं पिस्तूल मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा नळीच्या तोंडाशी राखाडी लव जमली होती, खिशाच्या तळाशी असते तशीच. मागच्या साइटच्या खाचेत धागा होता. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली तेलात भिजलेल्या धुळीचा लगदा झाला होता, आणि स्लाइडच्या ज्या बाजूला मांडीचा घाम लागायचा तिथे गंजाचे बारीक ठिपके. पिस्तूल एकदाही झाडलं नव्हतं, तरी ते घाण झालं होतं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा रिकामं करून, कोरड्या टूथब्रशने झटकून, स्लाइडला तेलाचा नुसता हात फिरवतो. जास्त तेल घालू नका, ते धूळ धरून ठेवतं. छोट्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंगही (स्लाइडला परत पुढे आणणारी) कमी जागेत जास्त काम करते आणि लवकर दमते. कंपनीने जितक्या गोळ्यांनंतर बदलायला सांगितली असेल तेव्हा बदला.

पण ही पहिली सफाई करण्याआधी एक काम करा. महिनाभर खिशात राहिलेलं पिस्तूल तसंच घेऊन रेंजवर जा. तिथे ते रिकामं करून नळीत काही अडकलेलं नाही एवढंच आरपार बघा. बाकी लव, धूळ, घाम सगळं तसंच राहू द्या. मग तीच काडतुसं पुन्हा भरा आणि पूर्ण मॅगझिन ५ मीटरवर झाडा, सावकाश. शेवटचं टरफल जमिनीवर पडेपर्यंत काहीच अडलं नाही, तर घरी येऊन ब्रश हातात घ्या. अडलं, तर ते कितव्या गोळीला अडलं हे वहीत लिहा आणि त्या दिवशी खिसा रिकामा ठेवूनच परत या.